सोजरबाईच्या घरी आवतन नाही

आसेगावचा जानराव कापसाची गाडी घेऊन कारंज्याच्या बाजाराला गेला. गाडी दुसऱ्या दिवशी परत आली. जानरावला यायला चार वर्षं लागली.

गाडी भावकीतल्या पुंजाजीनं हाकत आणली. ओसरीवर टेकून, तांब्याभर पाणी पिऊन मग त्यानं सांगितलं, की बाजारात सरकारचा माणूस टेबल मांडून बसला होता आणि लढाईवर खच्चरं सांभाळायला माणसं पाहिजेत म्हणत होता. जानरावला त्यानं विचारलं, "जनावराची सवय हाये का?" जानराव म्हणाला, "हाये." जानरावला खोटं बोलता येत नसे. घरात त्याबद्दल आधीपासूनच नाराजी होती.

त्याची बायको सोजरबाई तेव्हा नुकती नांदायला आलेली. सासरी पहिल्यांदा चुलीपुढे बसली त्या दिवशी तिची भाकर करपली. सासू चतुराबाईनं ती भाकर दोन बोटांत धरून, येईल त्याला दाखवली. जानराव शेतातून आला, त्यानं ती भाकर खाल्ली आणि ताट पुढे करून म्हणाला, "अजून एक दे." बस, एवढंच. नवऱ्याबद्दल सोजरबाईच्या गाठीला जे काही होतं ते हेच, आणि त्याच्यावर तिनं चार वर्षं काढली.

त्या चार वर्षांत गावात मानमोडीच्या तापाची साथ आली आणि सासऱ्याला घेऊन गेली. चतुराबाई आणि सोजरबाई दोघींनी शेत ओढलं. जानराव बसऱ्याकडे आहे, तुर्काच्या कैदेत आहे, मेला आहे, असं गाव आळीपाळीनं सांगत राहिलं. लढाई संपल्यावर एका दुपारी तो वेशीतून चालत आला. अंगावर सरकारी घोंगडी होती, हातात कथलाचा मग होता आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. चतुराबाई रडली. मग डोळे पुसून, आई जे म्हणेल तेच म्हणाली, "चाल बापा, आधी जेवाले चाल."

जानराव उंबऱ्यातून मागे फिरला आणि कोठ्यात बैलांपाशी जाऊन बसला.

त्या दिवशी कोणी काही मनावर घेतलं नाही. दमलेला माणूस. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. सोजरबाईनं ताट वाढून "जेवाले या" म्हटलं, की तो उठायचा. उठायचा म्हणजे चिडून नाही. कामाची आठवण झाल्यासारखा उठायचा आणि सरळ कोठ्यात. मग ताट तिकडे पाठवावं लागे. तांबड्या आणि बांड्या अशी बैलजोडी होती. जानराव आधी अर्धी भाकर बांड्याला चारायचा, मग उरलेली पाठ फिरवून खायचा. कधी खायचाही नाही, बैलांच्या कुटारात, भुश्यात दडवून ठेवायचा. सोजरबाई शेण काढायला गेली की कुटाराखाली भाकरीचे वाळके तुकडे सापडायचे. मुंग्यांचं चांगलं चाललं होतं.

वऱ्हाडात माणूस जेवायला उठत नसेल तर त्यावर एकच औषध आहे, आग्रह. चतुराबाईनं ते सुरू केलं. ती ओसरीवरून हाक मारायची, "जानराव, जेवाले ये रे बापा!" तो गेला की आणखी मोठ्यानं मारायची. शेजारणी मदतीला यायच्या. पुंजाजी जाता जाता थांबून हाक मारायचा. भाकरीच्या वेळी त्या गल्लीत इतकी आवतनं होत, की वाटसरू थबकून पाहत, आपल्याला तर म्हणत नाहीत ना. आणि जेवढी हाक मोठी, तेवढा जानराव गव्हाणीत आत सरकायचा.

एकदा सोजरबाईनं ठरवलं, की हाक दुरून नको, जवळ जाऊन मारावी. कोठ्यात तो पाठमोरा उभा होता. तिनं मागून खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हटलं, "जेवाले चाला ना." तो वळला तो मनगट धरूनच. बांगड्या फुटल्या, काच हातात गेली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, ओळखलं, हात सोडला आणि मग आपलाच हात धोतराला पुसत राहिला. रक्त तिचं होतं.

"हे काय वं?" चतुराबाईनं विचारलं.

"पाट्यावर आपटला हात."

"बांगड्या फुटल्या ना! सवाष्णीच्या बांगड्या अशा फुटाव?" असं म्हणत चतुराबाई कासारणीकडे पळाली. हाताला हळद सोजरबाईनं स्वतःच लावली.

गावानं आपल्या परीनं निदान केलं. पहिलं निदान, समुद्र ओलांडून बाटलाय, म्हणून घरचं गोड लागत नाही. त्यावर पुंजाजीनं भावकीला जेवण घालून त्याला जातीत घ्यायचं ठरवलं. पंगत बसली, जानरावला मधोमध बसवलं, आणि पुंजाजीनं हात जोडून "हं, बसा जेवाले" म्हटल्याबरोबर ज्याच्यासाठी पंगत होती तोच उठून गेला. बाकीचे जेवले. वाढलेलं टाकणार कसं? पण पुंजाजीच्या ते जिव्हारी लागलं.

मग दुसरं निदान निघालं, आणि ते टिकलं. नवरा बायकोच्या हातचं खात नसेल, तर त्याचा अर्थ जगात एकच. चार वर्षं बाई एकटी होती. कोणी काही पाहिलं असेल, कोणी काही कळवलं असेल. विहिरीवर सोजरबाई गेली, की बायांच्या बादल्या लवकर भरू लागल्या.

त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आणखी एक झालं. त्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे निबर झालेले असतात. घरधनी तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं ते शेकतो आणि बैलाच्या कानाशी म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आसेगावात प्रत्येक कोठ्यातून हे म्हटलं जातं. जानरावच्या कोठ्यातून काही म्हटलं गेलं नाही. घरधनी पळून शेतात गेला होता. तांबड्या-बांड्या बिनआवतनाचे पोळ्याला गेले. पुंजाजी म्हणाला, "मानसाची पंगत सोडली, समजलं. बैलाचं आवतन सोडनारा मानूस म्या नाई पाह्यला."

हे सगळं मानोऱ्याच्या अंगाला असलेल्या माहेरी पोचलं. सोजरबाईचा भाऊ शालिग्राम उन्हाळ्यात आला. भला माणूस होता, फक्त त्याला कुठलीही गोष्ट अर्धवट पाहवत नसे.

"बाई, तू चाल घरी."

"काहून?"

"काहून म्हंजे? गाव काय बोलून राह्यलं, मले काय कान नाईत? तो तुह्या हातचं खात नाई. एवढं एक सोडून नवऱ्याले दुसरं काम काय असते?"

"खाते. कोठ्यात खाते."

"बैलंबी कोठ्यातच खाते. त्यायच्याशी लगन लावलं का तुयं?" शालिग्रामनं आवाज खाली आणला. "हे पाह्य. पोळा होऊ दे. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, करीले म्या येतो. पुंजाजीले पंच बसवू, काडी मोडू. एक पाहुणा पाहून ठेवला. बायको मानमोडीत गेली त्याची. जेवते चांगला."

काडीमोड झाली की बाई मोकळी. छपरातली एक काडी दोघांच्या मध्ये धरून मोडायची, की संसार मोडला. सोजरबाईनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नाही म्हणायला कारण लागतं आणि ते तिच्याकडे नव्हतं. जायला तिची ना नव्हती. नवऱ्याला आपली भाकर नको झाली असेल तर तेही तिनं ऐकून घेतलं असतं. पण कशामुळे नको झाली, हे न कळता जायचं म्हणजे करपलेली भाकर आयुष्यभर दोन बोटांत धरून हिंडायचं.

पेरण्या उरकल्यावर मंगरूळच्या बाजारातून परतताना एक माणूस दारात उभा राहिला. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा किसनसिंग. कानात वाळी, पायात सरकारी बूट, आणि बुटांना तो फार जपत होता.

"जान्याचं घर हेच ना, भाभी? आमी संग होतो. खच्चर कंपनीत."

जानराव शेतात होता. चतुराबाई म्हणाली, "जेवाले बसा." किसनसिंग बसला. सोजरबाई श्वास धरून पाहत होती, पण हा बसला, जेवला, आणखी मागून जेवला. लढाईवरून आलेला माणूस जेवू शकतो हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. चतुराबाई ताक आणायला गेली तेव्हा ती म्हणाली, "दादा, तुमी बसले. ते काहून नाई बसत? 'जेवाले या' म्हटलं का उठून जाते."

किसनसिंगचा हात ताटात थांबला.

"तुमी त्याले तसंच म्हनता? 'जेवाले ये'?"

"मंग काय म्हनाव मानसाले?"

किसनसिंगनं घास संपवला. मग बैलबाजारात बैलाचे दात सांगावे तसं सांगितलं.

"त्याची एक खच्चर होती भाभी. शेवंती नाव ठेवलं होतं त्यानं. लय चावरी. दुसऱ्या कोनाले अंगाले हात लावू देत नोती. पन यानं आवाज देला, 'ये वं शेवंती, जेवाले ये', का रस्सी तोडून येत होती. मंग आमी घेरलो गेलो. एका गावात, नदीच्या वळनात. चारी बाजूनं तुर्क. दाना संपला. हा आपली अर्धी रोटी तिले घाले. मंग रोटीबी संपली. हुकूम आला, घोडे कापा. घोडे झाले, मंग खच्चरं. शेवंती काई केल्या जाईना. चार जन ओढून राह्यले, चौघायले चावली. सायब म्हने, खच्चर कोनाची हाये? हा उभा राह्यला. सायब म्हने, बुलाव."

"मंग?"

"बोलावलं."

"आली?"

"आली ना. काहून नाई येईन? जेवाले बोलावलं होतं."

सोजरबाईनं हातातली भाकर परत टोपल्यात ठेवली.

"संध्याकायी सगळ्यायले वाटा आला. म्या खाल्ला, त्यानंबी खाल्ला. भूक होती भाभी. मले झोप आली, त्याले नाई आली. फरक तेवढाच." मग तो पुढे वाकला. "हे इथं कोनाले सांगजा नोको. तुमच्या लोकायले समुंदर चालला एखाद्या जेवनावर, हे नाई चालनार. जातीबाहेर टाकतीन त्याले."

चतुराबाई ताक घेऊन आली. किसनसिंगनं ताकाची तारीफ केली. मग तो शेतात गेला. बांधावर दोघं एका विडीवर बराच वेळ बसलेले सोजरबाईला दिसले. बोलताना कोणी दिसलं नाही.

आता कारण सापडलं होतं आणि ते वापरता येत नव्हतं. सांगितलं तर ती सुटत होती आणि तो बुडत होता. नाही सांगितलं तर करीला शालिग्राम येणारच होता. सोजरबाईनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून म्हणाली, "आत्याबाई, म्या नवस केला हाये."

"कायचा वं?"

"या घरात कोनी कोनाले जेवाले बोलवाचं नाई. वाढून ठेवाचं. ज्याले भूक हाये तो खाईन."

चतुराबाईनं भुवया वर केल्या. "असा नवस म्या आयकला नाई."

"मलेबी नवीनच हाये."

नवसाला कारण विचारत नाहीत. कोणत्या देवाचा, एवढंच चतुराबाईनं विचारलं, आणि सोजरबाईनं पोहरादेवी गावाच्या बाजूला हात करून त्या दिशेचं जे कोणी असेल त्याच्यावर सोपवलं. "कवापर्यंत?" "फिटन तवर."

गल्लीतली आवतनं बंद झाली. वाटसरूंची सोय गेली. जानराव आता ओसरीवर बसू लागला. ताट ठेवलेलं दिसलं की उचलायचा आणि कोठ्यात न्यायचा. कुटाराखालचे तुकडे कमी झाले. पण जेवण अजून बांड्याबरोबरच आणि पाठ फिरवूनच. हे शालिग्रामला दाखवायला पुरेसं नव्हतं.

खांदशेकणीची संध्याकाळ आली. गल्लीत धूर, तुपाचा वास आणि कोठ्याकोठ्यातून एकच बोल: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." डावीकडून पुंजाजीचा घसा, उजवीकडून कोणाची तरी बारीक बोली, मागच्या गल्लीतून आणखी. जानराव या वेळी शेतात पळाला नव्हता. तो बांड्याच्या गळ्याला मिठी मारून, डोळे मिटून उभा होता, आणि प्रत्येक हाकेला त्याची पाठ चाबूक बसावा तशी हलत होती.

सोजरबाई तूप-हळदीची वाटी आणि पळसाची पानं घेऊन कोठ्यात शिरली. हे काम बाईचं नव्हे. तिनं तांबड्याचा खांदा शेकला, मग बांड्याचा. पान तुपात बुडवायचं, खांद्यावर फिरवायचं, दाबायचं. बैल उभे राहिले; त्यांना बाई-माणूस असा भेद नव्हता. कानाशी बोलायची वेळ आली तेव्हा ती काही बोलली नाही. वाटीत तूप उरलं होतं. ती नवऱ्याला समोरून दिसेल अशी फिरून त्याच्यापुढे उभी राहिली, आणि तिनं पान त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवलं. ते घेरलेलं गाव पडल्यावर तुर्काच्या कैदेत रेल्वेच्या रुळाच्या फळ्या वाहून तिथं बैलासारखाच गठ्ठा आला होता.

जानराव ताठ झाला. तिनं हात काढला नाही.

"लय गरम हाये," तो म्हणाला.

"बैलायनं नाई म्हटलं."

बराच वेळ गल्लीतलं आवतन चालू राहिलं. मग तो म्हणाला, "किसन्यानं सांगतलं तुले."

"हो."

"मंग?"

"मंग काय? खांदा इकडं करा."

त्यानं खांदा तिकडे केला. तूप संपेपर्यंत ती शेकत राहिली.

पोळा झाला. करीच्या दिवशी दुपारी शालिग्राम आला. ठरल्याप्रमाणे पुंजाजी पंच म्हणून ओसरीवर बसला. शालिग्रामनं वेळ वाया जाऊ नये म्हणून छपरातली एक चांगली सरळ काडी आधीच उपसून हातात घेतली. चुलीवर आदल्या दिवशीच्या पुरणाच्या पोळ्या गरम होत होत्या आणि वास ओसरीवर येत होता. शालिग्राम लांबून आलेला, दोघं उपाशी, आणि दोघं बोलावण्याची वाट पाहत होते. चतुराबाई दारात येऊन उभी राहिली, तोंड उघडलं, नवस आठवला, तोंड मिटलं आणि आत गेली.

"मामी काई म्हनून राह्यली होती का?" शालिग्रामनं विचारलं.

"नाई," पुंजाजी म्हणाला. "या घरात आता कोनी काई म्हनत नाई."

थोड्या वेळानं चतुराबाई पुन्हा आली, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. व्याह्याकडच्या पाहुण्याला पोळी वाढून ठेवायची आणि 'या' म्हणायचं नाही, हे तिच्या जन्मात घडलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. शालिग्रामला वाटलं, बहिणीच्या काडीमोडीनं आलं.

"बस झालं," तो उठला. "पाहुन्याले जेव म्हनाची रीत नाई या घरात! सोजर कुठी हाये?"

चतुराबाईनं कोठ्याकडे बोट केलं.

काडी हातात घेऊन शालिग्राम तरातरा कोठ्यात गेला आणि दारातच थांबला. गव्हाणीपाशी खाली जमिनीवर सोजरबाई बसली होती. पुढ्यात परात, परातीत पोळ्या आणि आंबाडीची भाजी. ती जेवत होती. नवऱ्याच्या आधी बायको जेवते, हे शालिग्रामनं कुठल्याच घरात पाहिलं नव्हतं. ती कोणाला बोलावत नव्हती, कोणाकडे पाहत नव्हती. भूक लागलेलं माणूस जेवतं तशी जेवत होती. समोर जानराव बसला होता. पाठ फिरवलेली नव्हती. त्यानं पोळीचा एक तुकडा बांड्याला दिला, एक तांबड्याला दिला, आणि मग त्याच परातीत हात घालून स्वतः एक घास खाल्ला. चावला. गिळला. मग आणखी एक पोळी ओढली.

सोजरबाईचा हात क्षणभर थांबला. मग तिनं त्याच्यापुढे भाजी सरकवली.

"दादा आला," ती म्हणाली. त्यापुढे जे म्हणायचं असतं ते म्हणाली नाही.

शालिग्राम उभाच. हातात काडी. त्याला बोलायचं होतं ते सगळं तोंडपाठ होतं. जानरावनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एकदा ओठ हलले, पण शब्द आला नाही. मग तो बसल्या जागेवरून थोडा बाजूला सरकला. परातीशी एका माणसापुरती जागा झाली.

बांड्यानं शेपटी हलवली. ओसरीवरून पुंजाजी ओरडला, "अरे शालिग्राम, मोडली का काडी?"

"थांबा जी," शालिग्राम म्हणाला, आणि खाली बसला. "मले भूक लागली."

थोड्या वेळानं पुंजाजीही वासानं उठून आला. त्यालाही कोणी बोलावलं नाही. जानराव आणखी सरकला.

जेवण झाल्यावर शालिग्राम कोठ्याच्या भिंतीला टेकला आणि त्या काडीनं दात कोरत बसला. मग गावी निघून गेला. त्यानं बहिणीसाठी पाहून ठेवलेला तो पाहुणाही पुढे कोणीतरी करून घेतला. चांगला जेवणारा होता.

जानराव बरा झाला असं म्हणता येणार नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो पुढेही बांड्याच्या गळ्याला धरूनच उभा राहायचा, आणि बांड्या गेल्यावर त्याच्या जागी आलेल्या बैलाच्या. खांदे सोजरबाईच शेकायची, तिघांचे. सरकारनं दुसऱ्या लढाईसाठी पुन्हा टेबल मांडलं तोवर तिचे केस पांढरे झाले होते. आसेगावात नवीन आलेले लोक त्या घराला चिक्कू म्हणत, कारण तिथं कोणी जेवायला बोलावत नसे. जुन्यांना तिथली रीत ठाऊक होती. ते जात, परातीशी जागा झाली की बसत, आणि पोटभर जेवून येत. नवस फिटला का, असं चतुराबाईनं मरेपर्यंत विचारलं.

"नाई आत्याबाई," सोजरबाई म्हणायची. "चालू हाये."